ग्वाल्हेरची एका तंबोऱ्याची बैठक

आधी माफी मागतो. ग्वाल्हेरला जाऊन आलो थंडीत आणि लिहितोय आता, उन्हाळा लागल्यावर. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं. शिवाय काय लिहावं आणि किती लिहावं याचीही धास्ती होती. तिघाचौघांनी "काका, ग्वाल्हेरचं काय झालं?" म्हणून विचारलं, तेव्हा आज बसलो.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मिरजेत मी पन्नासएक वर्षं तंबोऱ्यांची जवारी काढायचं काम केलं. तारा ज्या घोडीवर टेकतात ती अशी घासायची, की तार छेडल्यावर गुंजत राहिली पाहिजे. ग्वाल्हेरचा दिनकर दर वर्षी त्यासाठी यायचा आणि आमच्याकडेच उतरायचा. तो गवई, मी सातवी शिकलेला कारागीर, पण मैत्री अरे-तुरेची. तो गायला बसला की मागे तंबोऱ्यावर मी.

अडतीस वर्षांपूर्वी त्याचं कार्ड आलं. "पुढच्या रविवारी सकाळी इथे बैठक आहे. ये. तुझी जागा खाली ठेवली आहे."

त्याच्या आदल्याच महिन्यात एका आयोजकाने मला चारचौघांत स्टेजवरून उतरवलं होतं. "कारागिरांनी खाली बसावं," म्हणाला. आणि आता दिनकरही तेच लिहीत होता. मी गेलो नाही. उत्तरही दिलं नाही. त्यानेही पुन्हा लिहिलं नाही.

मग त्या बैठकीची कीर्ती माझ्याच दुकानात येऊन मला ऐकवली जायला लागली. जो गवई येईल तो म्हणे, "एका तंबोऱ्यावर गायला हो! दुसरा तंबोरा शेजारी नुसता गवसणीत झाकून ठेवलेला. असं गाणं पुन्हा होणे नाही." कोणी म्हणे नवस होता, कोणी म्हणे गुरूंची आठवण. मी मान हलवून घोडी घासत राहायचो.

यंदा कळलं की दिनकर आजारी आहे. तिकीट काढलं. विचारायचं एकच होतं: मला खाली का बसवलंस?

जाणाऱ्यांसाठी: मिरजेहून थेट गाडी आहे, बदलावी लागत नाही. सबंध दिवस गाडीतच जातो, तेव्हा दशम्या आणि चटणी घरून न्या. उतरायची वेळ अडनिडी असते, खोली आधी सांगून ठेवा. मी तीनदा फोन करून सांगितली होती. शेवटी लॉजवाला वैतागून म्हणाला, "बाबूजी, कमरा कहीं भागा नहीं जा रहा." थंडी आपल्याकडची समजू नका. माकडटोपी हवीच.

पहिला दिवस मी किल्ल्यावर घालवला, कारण दिनकरकडे जायची हिंमत होत नव्हती. गुडघे दुखत असतील तर गाडी वरपर्यंत जाते त्या बाजूने जा. हजिरा भागाकडून पायी चढ आहे, तो माझ्यासारख्याने करू नये. मी केला. वरून सगळं शहर दिसतं. मला वाटलं, यातलं एक छप्पर दिनकरचं, आणि तो तिथे अजून आहे की नाही तेही मला नक्की ठाऊक नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं. उतरल्यावर बेडई खाल्ली, डाळ भरलेली पुरी असते, बरोबर बटाट्याची तिखट भाजी. वर जिलबी. पोट बिघडेल म्हणून घाबरलो होतो, बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकरकडे, इंदरगंजला गेलो. माणशी पैसे घेणारी रिक्षा वीस रुपयांत सोडते. चौकाच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर. दार वहिनींनी उघडलं. क्षणभर बघत राहिल्या आणि आत ओरडल्या, "अहो, मिरजेचे भावजी आले!"

बाहेरच्या खोलीत तीन-चार शिष्य, शेजारी, पाहुणे भरलेले. दिनकर खाटेवर शाल पांघरून. बारीक झालेला. मला घाम फुटला, त्या थंडीत. तेवढ्यात त्याची नात म्हणाली, "आजोबा, उभे का? ही जागा खाली आहे नं, बसा."

मी मुकाट्याने, भिंतीला धरून, जमिनीवर बसायला लागलो. गुडघे कटाकट वाजले.

"अरे अरे, नीचे क्यों बैठ रहे हैं?" ती धावली. "जागा खाली आहे म्हटलं मी, ही खुर्ची! खाली म्हणजे रिकामी!"

सगळे हसले. मी अर्धा बसलेला, तसाच राहिलो. मग खिशात घालून आणलेलं ते जुनं कार्ड काढलं आणि दिनकरपुढे धरलं. त्याने चष्मा लावून वाचलं.

"बरोबर तर आहे," तो म्हणाला. "तुझी जागा खाली ठेवली होती. शेवटपर्यंत. तुझ्या तंबोऱ्यामागे कोणाला बसू दिलं नाही मी."

मी त्याला सांगितलं की मी काय वाचलं होतं. आपणही घर खाली केलं म्हणतोच की. पण मनात अढी असली की माणूस शब्द तिच्याच बाजूने वाचतो. दिनकरने चष्मा काढला.

"गाढवा," तो म्हणाला, "एक ओळ लिहून भांडता आलं नाही?"

"सातवी पास आहे मी."

"भांडायला तेवढी पुरते." मग हसायला लागला, खोकला येईपर्यंत. "लोक म्हणतात समाधी लागली होती. कसली समाधी? मी दाराकडे बघत होतो. वाटलं, याची गाडी चुकली असेल, आता येईल. म्हणून गाणं संपवतच नव्हतो."

वहिनींनी चहा आणला. "दोघे सारखेच हट्टी," त्या म्हणाल्या. "हे पण म्हणायचे, तो नाही आला, आता मी का लिहू."

दिनकरचा गळा आता गेला आहे. तरी त्याने तंबोरा काढायला लावला. जवारी पार बसली होती. मी दोन दिवस त्याच्या खाटेशेजारी बसून ती काढली, त्याने नुसता षड्ज लावला, तोही थरथरत. निघताना वहिनींनी गजकाचे, म्हणजे तिथल्या तिळगुळाच्या कुरकुरीत वड्यांचे, तीन डबे दिले.

घरी येऊन चार महिने झाले. दिनकरचा रविवारी फोन येतो. मी तब्येत विचारतो, तो रागावतो. पण जी बैठक त्याने माझी वाट बघत लांबवली, ती मी ऐकलेली नाही, हे काही केल्या जात नाही. वहिनी सांगत होत्या की त्या सकाळी अगदी पुढे मुरारच्या छावणीतला एक फौजी टेपरेकॉर्डर घेऊन बसला होता. पुढे त्याची बदली झाली. नाव कोणाला आठवत नाही.

तो फौजी, त्याची मुलं, सुना, कोणीही हे वाचत असेल तर जुन्या ट्रंका एकदा उघडून बघा. कॅसेट तुटलेली असली तरी चालेल. मला ती दिनकरच्या शेजारी बसून ऐकायची आहे. तो ब्याऐंशीचा आहे, मी अठ्ठ्याहत्तरचा. कृपा करून लवकर कळवा.