चार बोटं आखूड बाही

संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, एक सेनापती आणि एक शास्त्रज्ञ यांच्या मधल्या जागेत, एका विनोदी नटाचं तैलचित्र लागणार होतं. राष्ट्रीय संग्रहालयात विनोदी नट पहिल्यांदाच येत होता. उद्घाटनाला सहा दिवस उरले होते. नट हयात नव्हता. म्हणून त्याचा प्रसिद्ध कोट नीट उतरलाय का, हे बघायला त्याच्या शिंप्याला बोलावलं होतं.

मास्तर एकाहत्तर वर्षांचे. नाट्यगृहामागच्या खोलीत, एकाच मशिनवर, त्यांनी एकतीस वर्षं नटाचे कपडे शिवले. मूळ कोट पिशवीत घालून ते सुनेबरोबर आले. चित्र पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"बाह्या सारख्या काढल्यात."

चित्रकर्ती खूश झाली. "हो ना! फोटोत उजवी आखूड दिसत होती. म्हटलं, मास्तरांची चूक कशाला भिंतीवर टांगायची? घेतली सांभाळून."

"चूक? अहो, ती चूक जमायला मला अकरा कोट शिवावे लागले!"

"बाबा, हळू," सून म्हणाली. "संग्रहालय आहे."

"म्हणूनच बोलतोय. घरी कोण ऐकतं माझं?"

तीन बोटं आखूड ठेवली तर कोणी हसत नसे. पाच ठेवली तर लोकांना कीव यायची. चारला प्रेक्षक नाट्यगृह डोक्यावर घ्यायचे. मास्तरांनी हे विंगेत उभं राहून, प्रयोगामागून प्रयोग मोजलं होतं.

शेजारी उभे असलेले संग्रहालयाचे मुख्य अधिकारी मात्र कुरकुरले. "लोक म्हणतील, चित्रच चुकलंय."

मास्तरांनी पिशवीतून कोट काढला. "घाला, साहेब." साहेबांनी तो अंगात चढवला. "आता हात मिळवा माझ्याशी."

साहेबांनी हात पुढे केला आणि अर्धा हात उघडा पडला. ओशाळून त्यांनी उजवी बाही खाली ओढली. कोटाची पाठ मुद्दाम तंग बेतलेली. डावी बाही सरसर वर चढली. ती ओढली, तर पुन्हा उजवी वर. साहेब गंभीरपणे ओढाओढ करत राहिले. दाराशी उभा असलेला पहारेकरी तोंडावर हात धरून भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते. चित्रकर्ती तर खालीच बसली.

अखेर साहेबही हसले. "बदला," ते म्हणाले.

चित्रकर्तीनं कुंचला उचलला. "चार बोटं ना?"

"माझी. तुमची बारीक आहेत," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बोटं चित्रासमोर धरली.

उद्घाटनाच्या दिवशी चित्रासमोर एक बाई नवऱ्याला म्हणाली, "एवढा मोठा माणूस, आणि कोटाची काय वाट लावलीय बघा! कोण होता हो शिंपी?"

सुनेनं सासऱ्यांचं कोपर धरलं. मास्तरांनी ते हळूच सोडवलं, सदऱ्याच्या दोन्ही बाह्या नीट केल्या आणि पुढे झाले.

"मी," ते म्हणाले.