सुरयांचा पत्ता

'पक्षीमित्र भंडारा' हा ग्रुप रत्नमालाबाई गजभिये यांनीच काढलेला होता, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार करायची तरी कुणाकडे, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये सकाळी पोळ्या लाटता लाटता ओट्यावरचा फोन थरथरू लागे. पळसावर भोरड्यांचे थवे उतरले की तर या लोकांना ऊतच येई. कुणी विजेच्या तारेवरचा काळा ठिपका टाकून विचारी, "ओळखा पाहू?" कुणी घारीचा फोटो टाकून खाली 'गरुड' लिही. कुणी सुप्रभात म्हणून कमळावर बसलेला पोपट पाठवी, आणि तो पोपट या देशातलाही नसे.

सगळ्यात जास्त चीड त्यांना यायची ती आवाजांच्या क्लिपांची. फॅक्टरीत उमेदीची सगळी वर्षं यंत्रांजवळ गेली होती. डावा कान जवळजवळ कामातून गेलेला, उजवा अर्धामुर्धा. पक्षी त्या ओळखत ते उडण्यावरून, बसण्यावरून, शेपटी हलवण्यावरून. क्लिप आली की फोन उजव्या कानाला घट्ट दाबून धरायच्या. ऐकू यायचा तो पाठवणाऱ्याच्या घरचा मिक्सर.

"एवढा तरास होते तर सोडून दे ना तो ग्रुप," सुखराम म्हणे. तो त्यांचा नवरा. त्याला चिमणी आणि कावळा एवढं पुरे होतं.

"मी सोडला तर त्याइले घार अन् गरुडातला फरक कोण सांगन?"

सुखराम चहा पिऊ लागे.

त्या वर्षी होळी होऊन गेल्यावर रत्नमालाबाई पवनीला बहिणीकडे गेल्या असताना सकाळीच नदीवर उतरल्या. वैनगंगेचं पाणी ओसरून मधोमध वाळूचं बेट वर आलं होतं. अलीकडच्या वाळूत बायजाबाई नावाच्या म्हातारीची डांगरवाडी होती, आणि तिच्या टरबुजांच्या वेलांपलीकडे पाण्याची पातळ धार. बेटावर नदी सुरय पक्षी उतरले होते. काळी टोपी, पिवळी चोच, आणि कात्रीनं कापावी तशी दुभंगलेली शेपटी. वाळूत नुसते खळगे करून त्यात त्यांनी अंडी घातली होती. एक मादी उडून पाण्यावर गेली, पोट भिजवून आली आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. इतक्या वर्षांत असं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. काठावरच्या दगडावर त्या ऊन चढेपर्यंत बसून राहिल्या.

ग्रुपवर त्यांनी काही टाकलं नाही. पण पवनीतच वासुदेवराव राहत. कापडाचं दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले, ग्रुपमधले सगळ्यात जुने आणि सगळ्यात बोलके. त्यांच्या गावचे पक्षी त्यांनाच दाखवायचे नाहीत, हे काही रत्नमालाबाईंना पटेना. त्यांना काठावर आणून, दुर्बीण हातात देऊन त्या म्हणाल्या, "भाऊ, जागा कोणालेच सांगायची नाही. शपथ घ्या."

"ताई, माझ्या तोंडातून शब्द निघणार नाही."

तोंडातून नाहीच निघाला. दोन दिवसांनी ग्रुपवर नकाशावरची लाल खूण आली. खाली वासुदेवरावांनी लिहिलं होतं : 'आमच्या पवनीचे भाग्य! सुरय पक्ष्यांची वसाहत! रविवारी सर्वांनी यावे. पोह्यांची व्यवस्था माझ्याकडे.'

रत्नमालाबाईंनी ते वाचलं तेव्हा त्या फॅक्टरीच्या बसमध्ये होत्या. "अरे देवा" असं त्यांच्या तोंडून इतक्या मोठ्यानं निघालं की ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं. मेसेज पुसायला लावला, पण तोवर तो नागपूरपर्यंत पोचला होता.

रविवारी त्या पोचेपर्यंत काठावर गाड्या उभ्या होत्या. माणसं डांगरवाडीतून सरळ पलीकडे जात होती, आणि बायजाबाई कंबरेवर हात ठेवून ओरडत होती, "माह्या येलाइले तुडवून राहिले नं बाप्पा! तुमाले रस्ता दिसत नाही काय? कायले येता इथं?" तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हतं. बेटावर डोक्यांची गर्दी, वर सुरय नुसते घिरट्या घालून किंचाळत होते. ते रत्नमालाबाईंनासुद्धा ऐकू येत होतं. आणि खाली उघड्या उन्हात अंडी तापत होती.

फॅक्टरीत जाताना घालायच्या पंजाबी ड्रेसचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून त्या धारेत उतरल्या. ग्रुपमधला बंटी, भंडाऱ्याचा फोटोग्राफर, हाताएवढी लेन्स लावून वाळूत पालथा पडला होता.

"बंटी, ऊठ. अंडी भाजून राहिली."

"ताई, दोनच मिनिटं. लाइट मस्त आहे."

"तुह्या लाइटले मी काय करू? ऊठ म्हणते ना!"

तेवढ्यात मागून कुणीतरी पाहुणा फोटोची चौकट नीट बसावी म्हणून एक पाऊल मागे सरकला. बुटाखाली काहीतरी बारीक चिरडलं. त्यानं पाय उचलला, पाहिलं, आणि "सॉरी, सॉरी" म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही ठाऊक नसावं. वाळूवर पिवळा ओघळ पसरला. मग मात्र बंटी उठला, कपडे झटकले, आणि एकेक जण निघून गेला. बऱ्याच जणांनी जाता जाता वासुदेवरावांकडे पोहे खाल्ले.

त्या संध्याकाळी रत्नमालाबाईंनी ग्रुपला कुलूप घातलं. ॲडमिनशिवाय कुणी काही लिहायचं नाही. एवढा शांत फोन त्यांनी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. पण दुसऱ्याच दिवशी लोकांनी 'पक्षीमित्र भंडारा नवीन' काढला, आणि सवयीनं कुणीतरी त्यांनाही त्यात घेतलं. बाईंच्या हुकूमशाहीवर तिथं मोकळेपणानं चर्चा चालली होती. रत्नमालाबाई सगळं मुकाट्यानं वाचत राहिल्या. मग कुणीतरी घारीचा फोटो टाकून 'गरुड' लिहिलं. त्यांनी दातओठ खाल्ले, फोन पालथा ठेवला, पुन्हा सरळ केला आणि लिहिलं, "घार." ग्रुप एकदम चिडीचूप झाला.

आठवड्याभरानं वासुदेवराव एसटीनं क्वार्टरवर आले. त्यांना काय काय सुनवायचं ते रत्नमालाबाईंनी कधीचं ठरवून ठेवलं होतं. दारातच सुरुवात केली. "भाऊ, शपथ घेतली होती ना तुम्ही? काहून टाकला पत्ता?"

वासुदेवराव खुर्चीच्या कडेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "चूक झाली ताई. पण खरं सांगू? मुलगा दुकानात असतो, सून तिच्या कामात. बायको गेल्यापासून माझ्याकडे म्हणून कोणी आलं नव्हतं. त्या दिवशी अंगणात चपला मावत नव्हत्या."

ठरवलेलं सगळं सुनवायचं राहूनच गेलं, आणि त्यामुळे त्या आणखीच वैतागल्या. माणसावर धड रागावताही येऊ नये म्हणजे काय! त्या आत जाऊन विनाकारण भांडी आपटू लागल्या. चहा सुखरामनंच केला.

"आता रोज नदीवर जाऊन बसायचं," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "कोणालेच पलीकडे जाऊ द्यायचं नाही."

वासुदेवराव बसू लागले. छत्री, पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची घेऊन. बायजाबाईनं पहिल्या दिवशी त्यांनाही हाकललं. दुसऱ्या दिवशी मात्र आपल्या मांडवाच्या सावलीत बसू दिलं. कॅमेरा घेऊन कुणी आलंच तर वासुदेवराव त्याला थांबवत आणि त्याचं गाव, आडनाव, मामाचं गाव विचारत. तेवढ्यात ऊन चढे आणि तो माणूस कंटाळून परत जाई. पण रविवारी पुन्हा झुंबड उडाली तर एकटा म्हातारा कुणाकुणाला अडवणार? मग शनिवारी नव्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला : 'कळविण्यास दुःख होते की सुरय पक्षी बेट सोडून गेले आहेत. येण्याची तसदी घेऊ नये.'

रत्नमालाबाईंनी तो दोनदा वाचला. सुरय कुठंही गेले नव्हते. सकाळीच वासुदेवरावांनी फोनवर सांगितलं होतं, तीन खळगे शाबूत आहेत म्हणून. इतकी वर्षं एक खोटी नोंद त्यांनी ग्रुपवर टिकू दिली नव्हती. चुकीची चिमणीसुद्धा नाही. आणि आता बंटीनं थेट त्यांनाच विचारलं, "ताई, खरंच गेले का?"

त्यांनी 'नाही' लिहिलं आणि पुसलं. सुखरामनं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. या माणसापायी मले खोटं बोलायची पाळी आली."

आणि त्यांनी लिहिलं, "हो. गेले."

बंटीनं रडका चेहरा पाठवला. पाठोपाठ आणखी कितीतरी रडके चेहरे आले. रविवारी बेटावर चिटपाखरू फिरकलं नाही, म्हणजे माणसांपैकी.

चैत्र संपता संपता रत्नमालाबाई पुन्हा पवनीला गेल्या. एका खळग्यातली अंडी नासली होती. दोन खळग्यांतली उबून पिल्लं बाहेर आली होती. दुर्बिणीतून आधी काहीच दिसेना. मग वाळूचाच एक तुकडा हलला आणि तुरुतुरु धावला. वाळूच्याच रंगाचं पिल्लू. आईनं चोचीतून आणलेला मासा त्याच्यापेक्षा फार लहान नव्हता, तरी त्यानं तो गिळला. रत्नमालाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून दुर्बीण धुरकट झाली, आणि ती पुसण्यात पुढचं पिल्लू हुकलं. म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या.

"ताई," शेजारून वासुदेवराव म्हणाले, "एक फोटो टाकू काय? फक्त पिल्लाचा. पत्ता नाही टाकत."

"तुम्हीच लिहिलं ना भाऊ, पक्षी गेले म्हणून? मग हे पिल्लू कुठून आलं?"

"असं लिहू की, परत आले."

"पिल्लं घेऊन?"

"मग पावसाळ्यात टाकतो. बेट बुडाल्यावर. अन् दुरुस्तीही टाकतो, की पूर्वीची माहिती चुकीची होती."

"दुरुस्ती मी लिहीन," रत्नमालाबाई म्हणाल्या, "तुम्ही एक अक्षर लिहायचं नाही." असं म्हणून त्यांनी वासुदेवरावांच्या हातातला फोन काढून घेतला आणि सरळ आपल्या पर्समध्ये टाकला.