टाळी दोन आणि चारवर

अवी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतमधल्या अल खौदच्या दुकानात केळीची पानं निवडत होते. शुक्रवारी आमच्याकडे जेवणं होती आणि त्यातलं एक पान त्याचंच होतं. "वहिनी, अवी गेला… प्लांटवर जायला निघाला आणि दारातच कोसळला," त्याची बायको स्वाती म्हणाली. मी पानांचे पैसे दिले, नवऱ्याला ऑफिसातून उचललं आणि आम्ही तसेच सोहारला निघालो. पोलिसांचे कागद, विमानाची तिकिटं, कुडाळला कळवणं, सगळं मी केलं. रडायचं राहून गेलं. त्या जागी राग आला, आणि इतके आठवडे झाले तरी तो उतरत नाही.

अविनाश परुळेकर माझ्या नवऱ्याचा कॉलेजमित्र, सोहारच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात इंजिनिअर. लहानपण कुडाळच्या देवळातल्या भजनात गेलेलं, हॉस्टेलवर गिटार हातात आली. शुक्रवारी सकाळी गाडीत गिटार, मागच्या सीटवर स्वाती आणि मुलगी मनू यांच्या मधोमध अ‍ॅम्प्लिफायर, असा तो आमच्या अझैबाच्या फ्लॅटवर हजर व्हायचा. दुपारभर हॉलमध्ये दणदणाट. खालचा इजिप्शियन शेजारी ठरलेल्यासारखा वर यायचा, दोन्ही हात उंचावून "खलास, खलास!" म्हणजे पुरे, पुरे, म्हणायचा आणि एक करंजी खाऊन परत जायचा.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका संगीताचं त्याला वेड होतं. तिथे गावाकडच्या गोऱ्यांचं कंट्री, काळ्यांच्या चर्चमधून आलेलं सोल आणि रॉक, तिन्ही एकात मिसळली. "रेडिओवाल्यांनी यांचे कप्पे वेगळे ठेवले होते, वहिनी. पण वाजवणारे एकाच खोलीत बसून वाजवत होते," तो सांगायचा. "कंट्री म्हणजे माणसाचं गाऱ्हाणं. सोल म्हणजे तेच गाऱ्हाणं देवापुढे. आणि देव ऐकत नाही म्हटल्यावर दारावर लाथ, ते रॉक. आमच्या गावच्या भजनात तरी दुसरं काय असतं?" मग तो गिटारवर गावची चाल धरायचा, आवाज चर्चमधल्यासारखा फाटेपर्यंत वर न्यायचा, आणि झांज माझ्या हातात द्यायचा. मला संगीतातलं काही कळत नाही, पण म्हणूनच मी त्याला हवी होते. आपली माणसं टाळी देतात ती समेवर, पहिल्या मात्रेला. त्याला ती हवी असायची दोन आणि चारवर.

"वहिनी, लवकर आलात."

"मी कुठेही लवकरच पोचते."

"ही काय मस्कतची फ्लाइट आहे? थांबा जरा. एक जाऊ दे. एक कुणीही पकडतो."

हे मिसळलेलं गाणं एकदा तरी भरल्या सभागृहात वाजवावं, एवढीच त्याची हौस. ती पुरी झाली नाही. गणेशोत्सवाच्या आधी आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणायचे, "परुळेकर, एक काय ते ठरवा. भजन की बँड?" हॉटेलात वाजवणाऱ्या त्याच्या मित्रांना गिटार चालायची, झांज नको असायची. अवी हसून म्हणायचा, "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला." त्याच्या त्या हसण्याचाही मला राग आहे. एकदा तरी भांडायचं होतंस, अवी. मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते, कार्यक्रमाची यादी घेऊन!

शोकसभेचा कार्यक्रम आखायचं काम माझ्याकडे आलं, कारण मंडळात ते नेहमी माझ्याकडेच असतं. अध्यक्षांनी क्रम आधीच ठरवला होता. भजनी मंडळींचा अभंग, हॉटेलच्या बँडचं इंग्रजी गाणं, शेवटी कुणाचं तरी भावगीत. मी म्हटलं, "हे तिन्ही काढा. त्याचं एकच गाणं ठेवा. मनूला येतं ते."

"अहो, सगळ्यांना आपापला अवी हवाय."

"त्याचा त्याला नको का?"

"वहिनी, ही शोकसभा आहे. तिथे ड्रम आणि झांज एकत्र बरं दिसेल का?"

जन्मभर ज्याने मिसळलं, त्याला मेल्यावर तिघांनी वाटून घेतलं. भजनवाले म्हणाले, तो मुळात भजनीच. बँडवाले म्हणाले, पक्का रॉकवाला. लोकांनी भक्तिभावाने टाळ्या धरल्या, सगळ्या एकवर. मनू माझ्या शेजारी बसली होती. तिला दोन शब्द बोलायला बोलावलं तेव्हा ती जागची उठली नाही. मीही तिला उठवलं नाही. अध्यक्षांना तो अपमान वाटला. वाटू दे.

पुढच्या शुक्रवारी स्वाती मनूला घेऊन आली. पोरीने न विचारता अ‍ॅम्प्लिफायर त्याच कोपऱ्यात ठेवला, जिथली फरशी त्याच्या चाकांनी ओरखडली आहे. खुंटीवरची झांज काढून माझ्यापुढे धरली. तिने चाल सुरू केली, मी वाजवली. ती थांबली.

"काकू, यू आर अर्ली. बाबा म्हणायचा ना… एक जाऊ दे."

पुन्हा सुरू केलं. एक आली. मी दात आवळून ती जाऊ दिली. अध्यक्ष, ती शोकसभा, अवीचं ते हसणं, सगळं त्या एकबरोबर जाऊ दिलं म्हणावं तर तसंही नाही. ते सगळं हातात धरून मी दोनवर अशी झांज मारली की स्वातीने कानांवर हात ठेवले. मग चारवर. मग परत दोनवर.

बेल वाजली. दारात खालचा शेजारी, सवयीने हात वर केलेले. त्याने हॉलमध्ये नजर फिरवली. मनूच्या हातातली गिटार पाहिली. हात हळूहळू खाली आले आणि "खलास" तोंडातच राहिलं.

मी दार उघडंच ठेवलं. त्याला खुर्ची दिली आणि मनूकडे वळून म्हटलं,

"यल्ला, चल, पहिल्यापासून."