वहिनीचा प्रश्न

सोनाळ्याहून खामगावला आम्ही तिघी एस.टी.नं निघालो: आई, मोठी वहिनी आणि मी. मी तेव्हा मॅट्रिकला नापास होऊन घरीच होते. वहिनीच्या पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात अंगावर सूज चढली, झटके आले, मूल गेलं. ती कशीबशी वाचली. त्यानंतर दिवस राहिले नव्हते. खामगावची डॉक्टरीण कूस तयार करायची इंजेक्शनं देते, असं आईच्या कानावर आलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आधी वहिनीच्या दंडाला पट्टा बांधून हवा भरली. थोड्या वेळानं पुन्हा भरली.

"ब्लडप्रेशर वाढलेलं आहे. इंजेक्शन देणार नाही."

"लय आस लावून आलो बाई," आई म्हणाली. "कूस तयार झाली का बाकीचं देव पाह्यन."

"पाळी वेळेवर येते ना हिला? मग कूस दर महिन्याला आपली आपण तयार होते. वरून औषध कशाला? तयार नाही ती कूस नव्हे, ही बाई. पुन्हा झटके आले तर?"

मग वहिनीनं पदर सारखा करत विचारलं, "बाई, मी मरीन का?"

इतकी वर्षं ती आमच्यात वावरत होती, भाकरी थापत होती, आणि हे मनात घेऊन. आम्ही पोराबद्दल विचारायचो. तिला भीती वाटते का, हे मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

परतताना गाडीत आईनं तिला विचारलं, "काऊन बोलली नाही तू?"

"तुमी इचारलं कुठं, आत्याबाई?"

दुसऱ्या दिवसापासून वहिनीची बिनमिठाची भाजी आई स्वतः वेगळी शिजवू लागली. वहिनीचं शेतात जाणं बंद झालं, खामगावच्या खेपा सुरू झाल्या. प्रेशर उतरल्यावर बाईंनी मूल होऊ द्यायला हो म्हटलं, आणि इंजेक्शनाशिवायच दिवस राहिले.

आठव्या महिन्यात पावलं पुन्हा सुजली. भाऊ म्हणाला, "बाजार करून येतो, मंग पाहू."

"बाजार राहू दे. दुपारच्या गाडीनं तिले घेऊन चाल," आई म्हणाली.

बाईंनी वहिनीला दवाखान्यातच ठेवून घेतलं आणि दिवस भरायच्या आधीच बाळंत केलं. पोरगी झाली, ओंजळीत मावेल एवढी.

गावातल्या बाया आईला विचारत, "काय झालं?"

"सून सुखरूप हाय," आई सांगे. बाया तशाच उभ्या राहत. मग ती म्हणे, "हाव, पोरगी झाली."