वर ठेवलेलं वांगं

आपल्या मालाची निंदा स्वतःच्याच तोंडाने, तीही माल विकायच्या आधी आणि वर क्रमांक घालून करणारा जगात एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझं वर्ध्यात कापडाचं दुकान आहे. डाग बरोबर आत जाईल अशी घडी घालणं ही आमच्या घराण्यातली तीन पिढ्यांची विद्या. अशा घरात दिलेल्या मुलीच्या धाकट्या बहिणीने हा नवरा पसंत करावा, याला मी योगायोग म्हणत नाही, कट म्हणतो.

साडू वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत घरी बसून दूरच्या शहरातल्या एका कंपनीचं काम करायचा. काम म्हणजे नेमकं काय, हे मला कळायला दोन दिवाळ्या गेल्या. यंत्रातली चिप सुरू होताना सगळ्यांत आधी एक इवलासा प्रोग्राम जागा होतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. हा दारावरचा रखवालदार. मागून येणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामचा सही-शिक्का तो तपासतो आणि खोटा वाटला तर यंत्र सुरूच होऊ देत नाही. या रखवालदाराची नवी आवृत्ती निघाली की सोबत एक कागद जातो. त्यात दोन याद्या असतात: काय काय बदललं, आणि आम्हाला ठाऊक असलेले दोष कोणते. तो कागद साडू लिहायचा. बदलांची यादी चहा निवायच्या आत संपायची. दोषांच्या यादीला बसला की मात्र जेवायला तीन हाका माराव्या लागत.

ही खोड कागदावर राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्याच्या फ्रिजवरसुद्धा यादी चिकटवलेली: 'एक, दार गुडघ्याने लावावे. दोन, बर्फ मनात आलं तरच होतो.' त्याच्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा पोह्यांच्या बशा हातात पडायच्या आत याने सांगून टाकलं, "पोरगी हुशार आहे, पण सकाळी नऊच्या आत कोणाशी बोलत नाई. अन् चिडली का दोन दिवस चिडूनच राहते. बाकी काही निघालं तर कळवतो." आम्ही सगळे गार. मुलाची आई मात्र खो खो हसली आणि तिथेच होकार देऊन गेली. माझ्या दुकानात तर त्याने कहरच केला. मी एका बाईंना साडी दाखवत होतो, तर हा मागून म्हणतो, "ताई, काठापाशी पाहा, धागा सुटला आहे." मी डोळ्यांनी त्याला जाळून टाकलं. बाईंनी नीट निरखून तीच साडी घेतली, आणि तेव्हापासून त्या आल्या की आधी विचारतात, "ते भाऊ आहेत का आज?"

हे सगळं त्याच्या बापाकडून आलेलं. म्हातारा हिंगणीचा, भाजीपाला पिकवणारा. आठवडी बाजारात ढीग लावला की किडकं वांगं सगळ्यांच्या वर ठेवायचा. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाला, "वरतं दिसलं म्हणजे गिराईक खालतं हात घालत नाई."

एकदा भर दुपारी साडू टेबलावरच्या चिप बसवलेल्या बोर्डात नवं फर्मवेअर भरत होता आणि वीज गेली. बोरगावात त्यात नवल ते काय? पण वीज परत आली तरी बोर्ड काही जागा होईना. जुना प्रोग्राम पुसला गेलेला, नवा अर्धाच आलेला, आणि रखवालदार त्या अर्धवट सहीला खोटी समजून कोणालाच आत घेईना. बोर्डाचा दगड झाला, कायमचा. दुसऱ्या कोणी कपाळावर हात मारला असता, हा खूश. हा दोष दुसऱ्या बोर्डांवर पुन्हा घडतो का ते बघायला पुढचे दोन दिवस माझी मेहुणी स्टुलावर उभी राहून, हा "बंद!" म्हणाला की मेन स्विच पाडत होती. तिसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. "भाऊजी, तुमच्या साडूले समजवा जी. घरातलं दूध नासून राह्यलं, अन् हे टाळ्या वाजवून राह्यले!"

साडूने हा दोष यादीत लिहून पाठवला, त्यावर कंपनीतल्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. ते म्हणाले, आमच्या लॅबमध्ये वीज जातच नाही, हा दोष तुमच्या गावाचा आहे, फर्मवेअरचा नाही. यादीतून काढून टाका. साडू शांतपणे म्हणाला, "सर, गिऱ्हाइकाच्या घरी वीज तुमच्या लॅबमधून येत नाही." मग ते म्हणाले, निदान तळाशी तरी टाका. याने तो पहिल्या क्रमांकावर टाकला आणि कळवलं की दोष काढलात तर या आवृत्तीला माझी मंजुरी नाही. उत्तर आलं की आठ दिवस काम थांबवा, तुम्हाला कामावर ठेवायचं की नाही ते नंतर कळवू.

त्याचं घर नवीन बांधलेलं, पोरगी दहावीत, आणि वर्ध्यात असली दुसरी नोकरी मिळणार कुठे? मी आपला शहाणपणा घेऊन गेलो. म्हटलं, "अरे, एवढी एक घडी घाल ना!" त्याने चपला घातल्या, मला गाडीवर मागे बसवलं आणि थेट हिंगणीला नेलं. म्हाताऱ्याने भेंडी तोडता तोडता सगळं ऐकलं. फर्मवेअर त्याला काय कळणार! त्याने एकच विचारलं, "खराब वांगं वरतं ठेवलं ना?"

"हो बाबा."

"मंग भेतं काऊन? जेवून घे."

मला तेव्हा स्वतःच्या तीन पिढ्यांची फार लाज वाटली, हे आज कबूल करतो.

आठव्या दिवशी फोन आला. कंपनीत कोणीतरी खरोखरच चालू कामात प्लग उपटून पाहिला होता. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा दगड. आवृत्ती थांबवली, दुरुस्तीचं काम साडूकडेच आलं, आणि पुढच्या कागदावर ती ओळ दोषांच्या यादीतून उठून बदलांच्या यादीत जाऊन बसली. एवढीशी इंग्रजी ओळ, त्यात त्याचं नावसुद्धा नाही. मी तो कागद फ्रेम करून गल्ल्याच्या मागे लावला आहे. त्यातलं मला अक्षर कळत नाही, पण येणाऱ्या प्रत्येकाला बोट ठेवून सांगतो की ही ओळ आमच्या बोरगावची आहे.

त्यानंतर कंपनीने त्याला मोठ्या ऑफिसात बोलावून घेतलं. पोरीच्या शिक्षणासाठी तो गेला. जाताना घराची किल्ली मला दिली, आणि सोबत अर्थातच घराच्या दोषांची यादी. दर रविवारी फोन येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, लाईट आहे का?"

"आत्ताच गेली."

 परवा म्हणाला, "इथं जातच नाई भाऊ. मले एकही दोष सापडून नाई राह्यला."

फोन ठेवला तेव्हा दुकानात अंधार होता आणि समोर एक गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. मी साडी उचलली, दाराशी उजेडात नेली, पूर्ण उलगडली आणि म्हटलं, "ताई, आधी हा डाग पाहून घ्या."