आईची शपथ, पुढचा ब्रेक आणि नाशिक-सटाणा रस्ता

चाळिशीत मोटरसायकलचा परवाना काढणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात: स्कूटर का नाही, आणि आत्ताच का. दोन्हींची उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे निवांत लिहिता येईल. मी प्राथमिक शिक्षिका. जूनमध्ये माझी बदली पेठ तालुक्यातल्या एका शाळेवर झाली. तिकडे जाणारी सकाळची एसटी पोहोचते तोवर शाळा भरून गेलेली असते, आणि फाट्यापासून पुढे चढाचा, खडी मोकळी झालेला रस्ता आहे. त्या रस्त्यावर स्कूटरची छोटी चाकं नाचतात, हे तिथल्या जुन्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तीन महिने मी कधी दुधाच्या गाडीतून, कधी पायी असं केलं. मग ठरवलं की गिअरची गाडी शिकायची.

अडचण एकच होती, माझी आई.

माझं माहेर सटाण्याच्या अलीकडे. मी दहावीत असताना माझे वडील, पप्पा, देवळ्याच्या बाजारातून मोटरसायकलवर घरी येत होते. तिन्हीसांजेची वेळ. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, तिला मागे ना दिवा ना लाल पट्टी. पप्पा गेले. तेराव्याबिराव्याचं आमच्या घरात काही नसतं, आम्ही बौद्ध. पण पाहुणे पांगल्यावर आईने मला जवळ बसवलं आणि शपथ घातली, माझ्या गळ्याची शपथ, मोटरसायकलला हात लावायचा नाही.

आता गंमत बघा. मांजर आडवं गेल्याने काही बिघडत नाही, हे मी वर्षानुवर्षं वर्गात तळमळीने शिकवते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कपाटात त्यांची पुस्तकं. पण आईच्या गळ्याची शपथ मात्र मी पंचवीसएक वर्षं मोडली नाही. लग्नानंतर नवऱ्याने हौसेने स्कूटर घेतली, तर तिच्यावरही बसले नाही. तो बिचारा पुढे स्कूटरवर आणि मी मागून रिक्षात, असे आम्ही लग्नांना जायचो. लोकांना वाटायचं भांडण झालंय.

शपथेचा नियम सगळ्यांना माहीत असतो. ज्याने घातली, त्यानेच ‘सुटली’ म्हणायचं. दिवाळीच्या सुट्टीत बसने गेले आणि आईला सगळं सांगितलं, शाळा, खडी, दुधाची गाडी. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. शेवटची भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, “शिकून घे. तोवर शपथ बाजूला ठेवते. परवाना निघाला की गाडी चालवत इथे ये. मी माझ्या डोळ्यांनी पाहीन, मंग ठरवीन. नाही म्हटलं तर गाडी विकून टाकायची.”

मी कबूल झाले.

शिकाऊ परवाना घरबसल्या निघतो. आधार क्रमांक टाकायचा, चिन्हांची आणि नियमांची परीक्षा मोबाईलवरच द्यायची. ती सोपी आहे म्हणून अभ्यास न करता बसू नका. मी मास्तरीण असून दोन उत्तरं चुकवली आणि माझ्या मुलीने ती घरभर सांगितली. पक्क्या परवान्यासाठी त्यानंतर महिनाभर थांबावं लागतं. तो महिना मी नाशिकला, आम्ही राहतो तिथे, गंगापूर रोडच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर घालवला. तिथे स्नेहल नावाची तिशीतली मुलगी शनिवार-रविवारी बायकांना गाडी शिकवते. आवाज खणखणीत, दयामाया कमी. पहिल्या दिवशी तिने गाडी चालूच करू दिली नाही. ढकलायला लावली, आडवी पाडून उचलायला लावली. दुसऱ्या दिवशी मला अंग हलवता येत नव्हतं.

क्लच आणि गिअर जमायला आठवडा गेला. खरी वादावादी झाली ती ब्रेकवरून. थांब म्हटलं की माझा उजवा पाय मागच्या ब्रेकवर जायचा आणि उजव्या हाताची बोटं, जिथे पुढचा ब्रेक असतो, ती ताठ व्हायची.

“पुढचा का नाही लावत?” स्नेहलने विचारलं.

“उलटी पडेन ना.”

“कुणी सांगितलं?”

मला आठवेना. आमच्याकडे हे सगळ्यांनाच माहीत असतं. गावात पोरगा पहिल्यांदा गाडीवर बसला की त्याला हेच बजावतात.

“सगळ्या हेच शिकून येतात,” ती म्हणाली. “ब्रेक लागला की गाडीचा सगळा भार पुढे येतो, म्हणून पुढचं चाक रस्ता घट्ट धरतं. मागचं हलकं होतं आणि नुसतं घसरतं. दोन्ही लावायचे. पुढचा झटक्यात आवळायचा नाही, लिंबू पिळतो तसा पिळायचा. हँडल सरळ हवं. आणि वळणावर किंवा खडीवर पोहोचायच्या आधीच वेग उतरवायचा.”

तिने जमिनीवर खडूने रेघ मारली. आधी फक्त मागचा ब्रेक लावून थांबायला लावलं, मग दोन्ही. दोन्हीत एवढा फरक पडला की मी गाडीवरून उतरून रेघेपासून चालत येऊन पाहिलं. त्या आठवड्यात माझी बोटं बदलली. आरटीओत आठचा आकडा पाय न टेकता काढला, परवाना मिळाला आणि स्वतःची गाडी घेतली.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी उजाडल्यावर निघाले. पहिल्यांदा लांब जाणार असाल तर उन्हं आल्यावरच निघा, आणि अंधार पडायच्या आत पोहोचाल असाच बेत करा. थंडीत नाशिकला हातमोजे लागतातच, बोटं बधिर झाली तर ब्रेक नीट पिळता येत नाही. टाकी आदल्या दिवशीच भरली होती, ती जाऊन-येऊन पुरली. नाशिकच्या द्वारका चौकात सकाळीसुद्धा चारी बाजूंनी गाड्या घुसत होत्या. मी उड्डाणपुलाखालच्या रस्त्याने हळूहळू पुढे सरकले. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले.

ओझर सोडल्यावर हात सैल झाले. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे द्राक्षांच्या क्रेटने भरलेला एक टेम्पो उलट्या बाजूने शांतपणे समोरून आला, जणू मीच चुकले होते. मी वेग उतरवला, डावीकडे झाले, थांबले. ड्रायव्हरने हात वर करून आभार मानले आणि मलाही हसू आलं. पिंपळगावात मिसळ खाल्ली. गरम तर्रीने बोटांत पुन्हा जीव आला. पुढच्या टोलनाक्यावर दुचाकीला अगदी डाव्या कडेने वाट आहे, मधल्या रांगेत शिरू नका.

सोग्रस फाट्याला महामार्ग सोडून देवळ्याकडे वळायचं. तिथे चहाला थांबले. शेजारच्या बाकावर डोक्याला उपरणं गुंडाळलेले एक बाबा बसले होते. त्यांनी माझं हेल्मेट, मग गाडी, मग पुन्हा मला पाहिलं.

“मिस्टर मागून येऊन ऱ्हायले का?”

“नाही, ते घरी आहेत. मुलीचा अभ्यास घेतायत.”

बाबांनी बशीतला चहा संपवला. “मंग बरोबर हाय,” म्हणाले. काय बरोबर होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

भावडबारीचा घाट छोटा आहे, वळणं मोकळी आहेत. वरून देवळ्याकडचं सगळं रान दिसतं, कांद्याचे हिरवे तुकडे आणि मधून डाळिंबाच्या बागा. हा प्रवास कुणालाही आवडेल असा आहे. मी मात्र देवळा सोडल्यावर काही पाहिलं नाही. पप्पा पडले ती जागा मला माहीत होती. तिथे आता चहाची टपरी आहे, दोन पोरं मोबाईल बघत बसली होती. मी थांबले नाही. हेल्मेटची काच मात्र खाली ओढून घेतली.

घरी आई दारातच उभी होती. शेजारच्या घरात राहणारा माझा चुलतभाऊ विनोद आणि त्याची बायकोही बघायला आलेले. आईने पाणी दिलं, जेवायला वाढलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. गाडीबद्दल एक शब्द नाही. जेवण झाल्यावर म्हणाली, “चल, दाखव.”

आरटीओची परीक्षा हिच्यापुढे काहीच नव्हती. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर ती कडेच्या बाभळीपाशी उभी राहिली. मी लांबून यायचं आणि तिने हात खाली टाकला की थांबायचं. पहिल्या वेळी तिने हात टाकला आणि मी दोन्ही ब्रेक लावले. गाडी नाक खाली करून तिच्या पुढ्यातच थांबली.

“पुन्हा,” ती म्हणाली. तिसऱ्या वेळेनंतर जवळ आली. चिडली किंवा आतून हलली की आई अहिराणीत बोलते.

“इतक्यात कशी थांबनी?”

मी आनंदात होते. स्नेहलने शिकवलं ते सगळं घडाघडा सांगितलं, भार पुढे कसा येतो, मागचं चाक एकटं कसं घसरतं, पुढचा ब्रेकच कसा खरा. वर्गात सांगते तशी हातवारे करून. मध्येच लक्षात आलं की ती माझ्याकडे बघत नाहीये, गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघतेय.

“रस्त्यावर एकच रेघ व्हती,” ती म्हणाली. “मागल्या चाकनी. मी पाहेल शे.” मग चाकावरून नजर न काढता, “पुढला दाबू नका, उलथा पडशात. हे मीच सांगेल व्हतं त्यास्ले. रोज.”

त्यास्ले म्हणजे पप्पांना. तिने विचारलं, “मंग गाडी थांबनी असती?”

‘नाही, नसती थांबली’ असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण आत्ताच तर मी गाडी तिच्या पुढ्यात थांबवून दाखवली होती. ती आयुष्यभर शेतात राबलेली बाई आहे, मूर्ख नाही.

“मला माहीत नाही, आई,” मी म्हणाले. “अंधार होता. ट्रॉलीला दिवा नव्हता, तो लावायची जबाबदारी तुझी नव्हती. आणि तुलाही हे कुणी शिकवलं नव्हतं. मलाही नव्हतं, गेल्या महिन्यापर्यंत.”

ती रस्त्याच्या कडेला खाली बसली. मीही तिच्या शेजारी बसले. पप्पा गेले तेव्हा ती पाहुण्यांसमोर रडली होती, त्यानंतर मी तिला रडताना पाहिलं ते त्या दुपारी. मला वाटलं, गाडी विकायची वेळ आली. आणि खरं सांगते, त्या क्षणी मी ती विकलीही असती. असं काही शिकून यायला नको होतं, असं मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातमोजे घालत होते. आई बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या ब्रेकच्या दांडीला बोट लावून पाहिलं.

“शपथ सुटनी,” म्हणाली. “जाय.”

परतीचा रस्ता मी फारसा सांगू शकत नाही. डोळे सारखे भरत होते म्हणून दोनदा थांबले, आणि डोळे भरलेले असताना गाडी चालवू नये, हा सल्लाही लिहून ठेवते. दुपारी घरी पोहोचले. संध्याकाळी लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून भाजी आणायला गेले. तो सबंध रस्ताभर एकटाच हसत होता.

आता रोज शाळेला गाडीनेच जाते. फाट्यापुढच्या खडीची भीती आहेच, ती असलेली बरी. आईला दुखावून मला माझा रस्ता मिळाला, ही गोष्ट मात्र मनातून जात नव्हती. फोनवर ती ठीक बोलायची, पण थोडकं.

मागच्या आठवड्यात विनोदचा फोन आला. वैतागलेला.

“ताई, काकूला जरा समजाव. रोज सकाळी आपल्या गावच्या फाट्यावर जाऊन उभी ऱ्हाती. मोटरसायकलवाला दिसला का हात करून थांबवती अन् विचारती, ब्रेक कोणता दाबतो. पोरं मागला सांगतात. मंग ती त्यांना गाडीवरून उतरवती अन् सगळं शिकवती. तिला सोताला सायकल येत नाय. लोक हसून ऱ्हायले.”



“विनोद,” मी विचारलं, “तू कोणता दाबतोस?”

तो पुटपुटला, “मागलाच.”

“मग उद्या सकाळी फाट्यावर जा,” मी म्हटलं.