सहादेवनं बुजवलेला चर

समजा, तुमच्या हातात एक खोरं आणि एक घमेलं दिलं आणि सांगितलं, हा चर बुजवा. चर असा की आत उभ्या राहिलेल्या माणसाचं नुसतं डोकं वर दिसावं, आणि रुंद इतका की उसाची ट्रॉली सोडाच, सायकलही उचलून न्यावी लागावी. तुम्ही म्हणाल, त्यात काय, बाजूची माती आत ओढायची. पण जमीन काळी आहे. नुसती माती ओढून ठेवली तर पहिल्या पावसात ती खाली बसते आणि वाट खचते. म्हणून तळाला दगडगोटे टाकायचे, त्यावर मुरूम, मग वीतभर माती. तिच्यावर पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं, आणि परत वीतभर माती. चरातून निघालेली निम्मी माती पावसानं वाहून गेलेली, तेव्हा राहिलेली स्वतःच्या रानातून उपसून आणायची.

आणखी एक समजा. हा चर तुम्हीच खणलेला आहे. ज्याची वाट बंद करायला खणला, तो माणूस रोज दुधाची किटली घेऊन पलीकडच्या ओढ्यातून जातो. तुम्हाला बघतो आणि पुढं चालू लागतो. आता मारा खोरं.

काष्टी गावाच्या पुढं, कालव्याखालच्या एका वस्तीवर सहादेव मागचा सगळा हिवाळा हेच काम करत होता. वय साठीच्या पुढं गेलेलं. गुडघे बोलायला लागलेले. दहा घमेली टाकली की तो बांधावर बसायचा, तंबाखू मळायचा, आणि न खाताच ती झटकून परत उठायचा.

पलीकडच्या वस्तीवर त्याचा चुलतभाऊ बिभीषण राहतो. दोघांच्या आज्याची जमीन एकच. वाटणीत रस्त्याकडची बाजू सहादेवच्या बापाला गेली आणि आतली बिभीषणच्या. आतल्यानं बाहेर यायचं कसं, हे कुणी कागदावर घेतलं नाही. सहादेवच्या रानातून गाडीवाट होती आणि ती तशीच चालू राहिली. भाऊबंदांत वाट कोण लिहून घेतो?

मोडलं ते एका चैत्रात. ऊस तुटून गेल्यावर रानात पाचट राहतं, ते पेटवायचं तर शेजाऱ्याला सांगून, वारा पडल्यावर पेटवायचं, ही इथली रीत. बिभीषणनं भर दुपारी न सांगता काडी ओढली. त्याला त्या दिवशी घाई होती, एवढंच. वारा फिरला. बांधावरचं गवत पेटलं, गवतावरून सहादेवचा रचून ठेवलेला कडब्याचा बुचाड पेटला, बुचाडावरून गोठा. गोठ्यात हरण्या बांधलेला होता. काष्टीच्या बाजारात शंभर बैल चाचपून सहादेवनं निवडलेला खिलार. दावं सोडायला कुणी पोचलंच नाही. जोडीचा दुसरा बैल त्यानंतर कासऱ्याला हात लावू देईना, तो विकावा लागला.

बिभीषण त्याच संध्याकाळी आला. बोलायला तोंड नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःच्या दावणीचा चांगला बैल सोडून आणला, सहादेवच्या दारात मेखेला बांधला आणि खाली मान घालून उभा राहिला. सहादेवनं बैल सोडला, त्याच्या पाठीत काठी घातली आणि वाटेला लावला. बैल आपल्या सवयीनं पलीकडच्या वस्तीवर परत गेला. बिभीषण त्याच्या मागं गेला.

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण सहादेव थांबला नाही. पुढच्या दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, आणि बिभीषणच्या उसाला तोड येणार असं कळल्याबरोबर त्यानं भिमाजीचा जेसीबी बोलावला. सहादेव बांधावर बसून बघत होता. पिवळा हात वाटेत घुसायचा, काळी माती काढून बाजूला टाकायचा. दुपारच्या आत चर झाला. त्या रात्री तो पोटभर जेवला आणि गाढ झोपला. पुढं त्याला सगळ्यांत जास्त टोचायची ती हीच गोष्ट.

टोळी चर बघून दुसऱ्याच्या फडात गेली. बिभीषणच्या उसाला तुरे आले, ऊस वाळून पोकळ झाला, उन्हाळ्यात त्यानं तो जनावरांपुढं टाकला. लोक त्याला म्हणाले, मामलेदार कचेरीत अर्ज कर, वहिवाटीची वाट आहे, निकाल तुझ्याच बाजूनं लागेल. तो गेला नाही. सहादेव नोटिशीची वाट बघत होता. नोटीस आली असती तर भांडता आलं असतं, वकील केला असता, चार लोकांत ओरडला असता. बिभीषण मात्र धोतराचा काचा वर खोचून ओढ्यातून जायला लागला. त्याच्याकडं कुणी पाहुणा येईना. भाजीचा टेम्पो जाईना. त्याची बायको लंकाबाई रतनबाईबरोबर पाणवठ्यावर यायची, ती येईनाशी झाली. रतनबाई म्हणजे सहादेवची बायको. दोघी जावा असल्या तरी बहिणींसारख्या होत्या. वस्तीवर दिवा दिसायचा, माणूस दिसायचं नाही.

भादव्यात, पाऊस लागून राहिलेला असताना, एका सकाळी रुग्णवाहिका सहादेवच्या दारावरून पुढं गेली आणि चरापाशी थांबली. ड्रायव्हर उतरला, आत वाकून बघितलं आणि सहादेवला विचारलं, "दुसरी वाट हाय का?"

"ओढ्यातनं," सहादेव म्हणाला.

त्या दिवशी त्याच्या तोंडून एवढा एकच शब्द निघाला.

गाडी वळसा घालून ओढ्याच्या अल्याड उभी राहिली. सहादेवला घरात बसवेना, तो बांधाबांधानं ओढ्यापर्यंत गेला. पल्याडून बाज येत होती. बाजेवर लंकाबाई गोधडीत गुंडाळलेली, छातीवर हात दाबून. वस्तीवर माणसं होती तीनच: बिभीषण, कितीतरी दिवसांनी पाहुणा आलेला त्याचा मेहुणा अंगद, आणि पाणी ओलांडून गेलेला तो ड्रायव्हर. बाजेला खूर चार. पायाकडचे दोन त्या दोघांनी धरले होते. डोक्याकडचे दोन्ही बिभीषण एकटा पेलत होता. मांडीपर्यंत गढूळ पाणी, तळाला शेवाळलेले दगड. बाज एकदा डावीकडं कलायची, एकदा उजवीकडं.

ओढ्याच्या मध्यावर बिभीषणनं मान वर केली. सहादेव काठावर उभा होता. नजरेला नजर भिडली. सहादेवनं वाकून एका पायातली चप्पल काढली, पाण्यात उतरायला माणूस काढतो तशी.

आणि तो तसाच राहिला. एक पाय चपलेत, एक चिखलात. बाज पाणी ओलांडून वर आली, गाडीत चढली, दार लागलं, गाडी गेली. काढलेली चप्पल सहादेवच्या हातात होती.

आठवड्याच्या आत लंकाबाई नगरच्या दवाखान्यात वारली. हृदयाचं दुखणं होतं म्हणाले. तासभर आधी आणली असती तर, असं कुणी म्हटलं नाही. बिभीषणनंही नाही. सहादेव मातीला गेला आणि सगळ्यांच्या मागं उभा राहिला. त्याला कुणी पुढं ये म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही.

सुतक मात्र त्यालाही लागलं. एका घराण्याचे, त्यामुळं दहा दिवस त्याच्याही घरात देव पुजायचे नव्हते. जिची वाट आपण बंद केली तिचं सुतक आपणच पाळतोय, हे त्याला रोज सकाळी देव्हाऱ्याकडं बघितलं की नव्यानं कळायचं.

गेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंदांनी भाकरी न्यायची असते. रतनबाईनं पिठलं केलं, पाटीभर भाकरी थापल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि सरळ चराच्या कडेला जाऊन खाली उतरायला लागली. कड ओली होती, पाय घसरत होता. सहादेव धावला, पाटी घ्यायला हात पुढं केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमचा हात लागला तर ते खानार न्हाईत."

ती चरात दिसेनाशी झाली. नुसती पाटी तेवढी वर दिसत होती. मग पलीकडच्या कडेला धरून ती वर चढली आणि मागं न बघता गेली.

दहावा झाला. पाऊस उघडून रानात वाफसा आला तसं सहादेवनं खोरं उचललं.

पाराजवळ भिमाजीनं त्याला थट्टेनं विचारलं, "आन्ना, खांदायला मला बोलवलं आन बुजवायला लाजता व्हय? अर्ध्या तासाचं काम हाय. डिझेलचं बी मागत न्हाई."

"मागल्या बारीला मी नुसता बसून बघत हुतो," सहादेव म्हणाला. "आता तसं बसवत न्हाई मला."

भिमाजी हसायचा थांबला. नंतर त्यानं न विचारता मुरमाची एक खेप आणून टाकली आणि निघून गेला.

सहादेवनं आपल्या चांगल्या रानातली माती काढली. तिथं खड्डा पडला, पुढं त्यात पाणी साचून हरभरा पिवळा पडला. रोज एक थर. ठोकून झालं की तो स्वतः त्यावर उभा राहून टाचा आपटून बघायचा. किटली घेऊन जाताना बिभीषणच्या कानावर धुमसाचा आवाज पडतच असणार. संक्रांतीच्या सुमाराला वाट रस्त्याच्या पातळीला आली. नुसती वाट म्हणून बघितली तर ती पहिल्यापेक्षा चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी भाजीचा टेम्पो तिच्यावरून गेला. तिसऱ्या दिवशी रतनबाई पलीकडं जाऊन आली. बिभीषण ओढ्यातूनच गेला. त्याच्या पुढच्या दिवशीही. आठवडा असाच गेल्यावर सहादेव ओढ्याच्या काठावर जाऊन उभा राहिला. बिभीषण पाण्यातून वर आला, किटली खाली ठेवली आणि पायाचा चिखल धुवायला लागला.

"बिभीषण, वाट झाली," सहादेव म्हणाला.

"बघितली."

"मग?"

बिभीषणनं दुसरा पाय धुतला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "आन्ना, त्या दिवशी मी बी बैल आनून बांधला हुता," तो म्हणाला आणि किटली उचलून रस्त्याला लागला.

सहादेव त्याच्या मागं गेला नाही. त्याला पाठीत काठी घातलेला तो बैल आठवला. मार खाऊनही आपल्या वाटेनं शांतपणे परत गेलेला.

आता उन्हाळा लागलाय. ओढा कोरडा पडलाय, तरी बिभीषण त्याच गोट्यांतून जातो. सहादेव वाटेवरचं गवत काढतो, टेम्पोच्या चाकानं पडलेली चाकोरी मुजवतो, कडेची माती ढासळली की परत ठोकतो. रतनबाई त्याला अडवत नाही आणि शाबासही म्हणत नाही. फक्त भाकरी बांधावर आणून देते, आणि ती देताना आता थोडा वेळ बसते.

बिभीषण या वाटेनं येईल का, याचा विचार सहादेवनं सोडून दिलाय. येईल तेव्हा येईल, नाहीतर नाही. माफीही त्याला मागायची नाही. कोणत्या तोंडानं मागणार? त्याला एकच गोष्ट विचारायची आहे. तिचं उत्तर जगात एकाच माणसाकडं आहे, आणि तो रोज समोरून जातो. किटलीचं झाकण वाजलं की सहादेव खोरं टेकवून उभा राहतो, शब्द ओठापर्यंत येतात, आणि तेवढ्यात बिभीषणची पांढरी टोपी करंजीच्या झाडामागं जाते.

त्या सकाळी दुसरी चप्पलही काढून तो पाण्यात उतरला असता, तर बिभीषणनं बाजेचा एक खूर त्याच्या हातात दिला असता का?